जाळीतला दिवा

वाचकहो, बहुतेक कुटुंबांत एखादी वस्तू अशी असते की, तिच्याविषयी घरातली मंडळी जे सांगत आली ते कोणी कधी पडताळून पाहिलेले नसते. कोणाकडे पणजीची पैठणी असते, कोणाकडे सरदारांच्या वाड्यातून आलेला म्हणून मिरवणारा समया-जोड असतो. पाहुणे आले की ती कथा सांगायची, पाहुण्यांनी मान डोलवायची, आणि पुन्हा ती वस्तू कपाटात जायची, असा हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालतो. आमच्या घरी ती वस्तू कपाटात मावणारी नव्हती. ती होती एक मोटारगाडी.

दिल्लीच्या पश्चिमेला जनकपुरीत आमचे घर आहे. त्याच्या फाटकाआत, कडुलिंबाच्या सावलीत, ताडपत्रीखाली ही गाडी पंचवीस वर्षांहून अधिक काळ उभी होती. १९५५ सालची फियाट अकराशे. महाराष्ट्रात तिला लोक ज्या नावाने ओळखतात ते ऐकून आमच्या उत्तरेकडच्या शेजाऱ्यांना हसू येते: डुक्कर फियाट. तिचा गोलमटोल बांधा आणि पुढे आलेले मुस्कट पाहिले की हे नाव ठेवणाऱ्याच्या नजरेला दाद द्यावीशी वाटते. माझ्या आजोबांनी ती १९५९ साली मुंबईत एका पारशी गृहस्थाकडून वापरलेली अशी विकत घेतली, आणि पुढच्याच वर्षी सरकारी नोकरीतील बदलीमुळे ती त्यांच्याबरोबर दिल्लीला आली.

आता कथा अशी की, ही फियाट साधी नव्हे. माझे काका सांगत आले की, ही 'टी.व्ही.' आहे. दूरचित्रवाणीशी या अक्षरांचा काही संबंध नाही. 'तुरिझ्मो वेलोचे' या इटालियन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. 'वेगवान प्रवासी गाडी' असा त्यांचा अर्थ करता येईल. फियाट कंपनीने १९५३ च्या मार्चमध्ये आपली नवी अकराशे, म्हणजे १०३ क्रमांकाची गाडी, जिनीव्हाच्या प्रदर्शनात मांडली. त्याच वर्षीच्या शरदात पॅरिसच्या प्रदर्शनात तिचीच ही अधिक चपळ बहीण आली. साध्या गाडीची धाव ताशी सुमारे ११६ किलोमीटरपर्यंत, तर हिची १३५ पर्यंत. इटलीतील मिल्ले मिलिया या प्रसिद्ध शर्यतीत हौशी मंडळी ही गाडी घेऊन उतरत. आणि पाहताक्षणी ओळखू यावी अशी तिची खूण म्हणजे पुढच्या जाळीच्या बरोबर मध्यभागी बसवलेला तिसरा दिवा.

आमच्या गाडीच्या जाळीतही मध्यभागी दिवा होता. पिवळ्या काचेचा. एवढ्यावरच काकांची सारी श्रद्धा उभी होती.

ही श्रद्धा निरुपद्रवी राहिली असती, तर मी हा लेख लिहिला नसता. परंतु गेल्या वर्षी दोन गोष्टी एकदम घडल्या. घर जुने झाले, भिंतींना ओल आली, आणि ते पाडून नवे बांधण्याचे ठरले. त्यामुळे गाडी हलवणे भाग पडले. आणि पुण्याला राहणाऱ्या माझ्या काकूंचे दुखणे वाढले. काकांची नोकरी खाजगी. निवृत्तिवेतन नाही, होते नव्हते ते औषधोपचारात चालले होते. अशा वेळी जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारा एक दलाल घरी येऊन गेला, आणि जाताना म्हणाला, "साधी असेल तर फार नाही मिळणार. पण खरोखर टी.व्ही. असेल, तर तुम्ही म्हणाल ती किंमत."

हे ऐकून काकांचा त्याच रात्री पुण्याहून दूरध्वनी आला. बाबांचे मत मात्र ठरलेले होते. "ती साधी गाडी आहे. भाऊंच्या नावावर याने कथा रचली आहे." आजोबांना घरात सगळे भाऊ म्हणत. या एका वाक्यावरून दोघा भावांत पूर्वी एकदा मोठा खटका उडाला होता आणि तेव्हापासून दोघांचे बोलणे दिवाळी-पाडव्यापुरतेच उरले होते. काकांना बाबांचे म्हणणे असे लागले की, तू खोटे बोलतोस. आणि बाबांना काकांचे म्हणणे असे लागले की, भाऊ खोटे बोलले. शेवटी काकाच मला म्हणाले, "तू पुस्तकांत डोके घालणारी. तूच काय ते शोधून काढ. तू सांगशील ते मी मानीन."

माझा व्यवसाय भाषांतराचा आणि संपादनाचा. मोटारीतले मला काही कळत नव्हते. परंतु बी.ए.ला संस्कृत घेतले होते, आणि तेव्हा शिकलेली एक गोष्ट येथे उपयोगी पडेल असे मला वाटले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ साली आरंभलेले ते काम १९६६ साली पुरे झाले. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी देशभरातील हस्तलिखिते जमवली, ओळीशी ओळ ताडून पाहिली, आणि मूळचे कोणते व मागाहून घुसडलेले, म्हणजे प्रक्षिप्त, कोणते हे ठरवले. त्यांची रीत थोडक्यात अशी की, जे सहज बदलता येते त्यावर कमी विश्वास ठेवावा, आणि जे बदलण्यात कोणाचा लाभ नव्हता त्यावर अधिक. जुनी गाडीही एक पोथीच. तिच्यावर अनेक हात फिरलेले असतात.

तुमच्याही घरी अशी गाडी असेल, तर मी काय केले ते क्रमाने सांगते.

पहिले पाहावे ते कागद. आजोबांचे नोंदणीपुस्तक एका पत्र्याच्या पेटीत सापडले. बी.एम. अक्षरांनी सुरू होणारा मुंबईचा जुना क्रमांक त्यात खोडलेला होता, आणि शेजारी तांबड्या शाईने दिल्लीचा क्रमांक लिहिलेला होता. निर्मितीचे वर्ष १९५५, रंग करडा, चॅसी क्रमांक, इंजिन क्रमांक. कागद महत्त्वाचा खरा, परंतु कारकुनाने केलेली नोंद ही नक्कल असते, आणि नकलेत चूक होऊ शकते.

दुसरी गोष्ट निर्मात्याची पाटी. बॉनेट उघडल्यावर इंजिनामागच्या पत्र्यावर ती असते. फियाटच्या पाटीवर चॅसीचा प्रकार, तिचा क्रमांक, इंजिनाचा प्रकार आणि सुट्या भागांसाठीचा क्रमांक अशा नोंदी असतात. सुट्या भागांना इटालियनमध्ये 'रिकांबी' म्हणतात. तो शब्द कोशात पाहताना मला 'रिकामी' आठवले आणि हसू आले. पण हा क्रमांक कामाचा आहे, कारण भाग मागवताना नेमकी कोणत्या तुकडीची गाडी ते त्यावरून कळते. टी.व्ही. गाडीच्या प्रकारात १०३ या आकड्यापुढे टी आणि व्ही ही अक्षरे असतात. आमच्या पाटीवर रंगाचे थर चढले होते. ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रीने रॉकेलात बुडवलेल्या फडक्याने ते हळूहळू उतरवले. १०३ दिसले. पुढे अक्षरे नव्हती.

तथापि पाटी चार रिव्हेटांनी बसवलेली असते. ती काढताही येते, दुसरी लावताही येते. म्हणून तिसरी आणि सर्वांत भरवशाची खूण म्हणजे गाडीच्या पत्र्यातच ठोकून कोरलेला क्रमांक. तो पाटीशी आणि नोंदणीपुस्तकाशी जुळला पाहिजे. आमचा तिन्ही ठिकाणी जुळला. म्हणजे पाटी अस्सल होती, आणि ती साध्या गाडीची होती.

चौथी गोष्ट इंजिन. दोन्ही प्रकारांत ते १०८९ घन सेंटिमीटरचेच. म्हणून नुसत्या आकारावरून काही ठरत नाही. टी.व्ही.ला दुहेरी घशाचा कार्ब्युरेटर होता, त्यामुळे तिची शक्ती साध्या गाडीच्या तुलनेत बरीच वाढली. आमचा कार्ब्युरेटर एकेरी निघाला. परंतु ही खूण दुबळी. आपल्या देशात मूळ कार्ब्युरेटर टिकलेली जुनी गाडी सापडणे कठीणच, आणि कित्येकांची तर सबंध इंजिनेच बदललेली असतात.

बांध्यावरून वय तेवढे कळते. पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेले, म्हणजे उलटे उघडणारे, आणि शेपूट आखूड, हे आरंभीच्या गाड्यांचे लक्षण. पुढे इटलीत मागचा भाग लांबवला गेला, आणि कालांतराने दरवाजेही सरळ उघडू लागले. गीअरचा दांडा मात्र आमच्याही गाडीत सुकाणूच्या खांबावरच आहे. हे सारे १९५५ शी जुळत होते.

येथे आपल्या देशापुरती एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. १९५३ साली सरकारने असे धोरण घेतले की, नुसती बाहेरून आलेले भाग जोडून गाड्या विकणाऱ्यांनी येथे प्रत्यक्ष निर्मितीचा कार्यक्रम हाती घ्यावा. फोर्ड आणि जनरल मोटर्स या अमेरिकन कंपन्यांनी ते न करता आपले येथील जोडणीचे काम गुंडाळले. प्रीमियर टिकली, आणि १९५४ पासून कुर्ल्याहून फियाट अकराशे बाहेर पडू लागली. वालचंद ते पाहण्यास नव्हते. १९५३ सालीच त्यांचे निधन झाले होते. म्हणजे आमच्या आजोबांची गाडी या प्रवासाच्या आरंभीच्या काळातली. तिचीच पुढची वंशज म्हणजे प्रीमियर पद्मिनी, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. एके काळी मुंबईच्या रस्त्यावर पाय ठेवला की जी समोर येई, ती टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वयोमर्यादेच्या नियमाने रस्त्यावरून गेली. आज जे पावलोपावली आहे ते उद्या दुर्मिळ होते, आणि तेव्हा ते जपून ठेवायला हवे होते असे आपल्याला वाटते.

असो. उरला तो जाळीतला दिवा. मिस्त्रीने खाली वाकून बराच वेळ पाहिले आणि मला बोलावले. जाळीच्या पट्ट्या करवतीने कापून कानशीने घासलेल्या दिसत होत्या. दिवा ज्या लोखंडी पट्टीवर उभा होता ती हाताने वाकवलेली होती, आणि तिला धरणारे चार स्क्रू चार जातींचे होते. दिव्याची तार गाडीच्या मूळच्या तारांच्या जुडग्यातून न जाता वरून वेगळी नेलेली होती, कापडी पट्टी गुंडाळून, आणि सुकाणूखाली तिच्यासाठी निराळे बटण होते. "बेटी," तो म्हणाला, "हे कारखान्याचे काम नाही. हे कोणा कारागिराचे काम आहे. पण मन लावून केले आहे."

पोथीच्या भाषेत सांगायचे, तर दिवा प्रक्षिप्त ठरला.

त्या रात्री मला झोप आली नाही. सत्य कळले होते, पण ते सांगायचे कोणाला? काकूंची औषधे डोळ्यांसमोर होती. आणि दुसऱ्याच दिवशी दलाल पुन्हा आला. मी त्याला निकाल सांगितला. त्याला मुळीच आश्चर्य वाटले नाही. "मॅडम, दिवा तर आहेच," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "पाटी मी करवून देतो. जुन्यासारखी. पत्र्यावरच्या आकड्यांपुढे दोन अक्षरे ठोकायला किती वेळ लागतो? घेणारा कोणी परदेशी असेल. तुमचे काय जाते?"

खरे सांगते वाचकहो, मी ताबडतोब नकार देऊ शकले नाही. दोन अक्षरे. मी रोज हजारो अक्षरे लिहिते आणि खोडते. त्यांतली दोन, आणि एका घरची चिंता दूर. मी "विचार करून सांगते" म्हणाले, आणि मग आपल्याच उत्तराची मला लाज वाटली.

त्या रविवारी मी बाबांना घेऊन मोतीलाल नेहरू प्लेसला लालबहादूर शास्त्री स्मारकात गेले. तेथे शास्त्रीजींची गाडी ठेवलेली आहे, हे मला वाचून ठाऊक होते. तीही फियाटच. १९६४ सालची, फिक्या रंगाची, क्रमांक डीएलई ६. जाणकार माणूस तिच्याकडे पाहून एवढेच म्हणेल की, अशा गाड्या पुष्कळ होत्या. तिच्यात विशेष असे काही नाही. पण तिची हकीकत सर्वश्रुत आहे. पंतप्रधान झाल्यावर मुलांच्या आग्रहावरून शास्त्रीजींनी गाडी घ्यावयाचे ठरवले. किंमत १२,००० रुपये. बँकेत शिल्लक ७,०००. उरलेल्या ५,००० रुपयांसाठी देशाच्या पंतप्रधानाने पंजाब नॅशनल बँकेकडे कर्जाचा अर्ज केला. ते फिटण्यापूर्वीच १९६६ च्या जानेवारीत ताश्कंदला त्यांचा अंत झाला. ललितादेवींनी आपल्या निवृत्तिवेतनातून ते कर्ज पुरे फेडले.

बाबा त्या गाडीपुढे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "या गाडीला कोणी विचारील का, की ती साधी आहे की खास?" मी दलालाचे बोलणे अजून घरी सांगितले नव्हते. परतीच्या वाटेवर सांगितले. बाबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "त्याला नाही म्हणून कळव. पण तुझ्या काकाला दुखवू नकोस." इतक्या वर्षांत काकांविषयी असे मऊ बोलणे त्यांच्या तोंडून मी प्रथम ऐकले.

दलालाला मी त्याच संध्याकाळी कळवले. काकांना कळवण्याचे धैर्य मात्र होईना. म्हणून आधी नाशिकला आत्याला दूरध्वनी केला. आत्या घरातली थोरली, १९५१ सालची. मी तिला दिव्याविषयी विचारले. ती थोडा वेळ काही बोलली नाही.

"तो दिवा बाबांनी बसवून घेतला," ती म्हणाली. आजोबांना ती एकटीच बाबा म्हणे. "तुझ्या काकाच्या वेळी."

मग तिने सांगितले ते असे. १९६३ चा जानेवारी. चीनबरोबरचे युद्ध होऊन दोन महिने झालेले. आजोबांचे बिऱ्हाड तेव्हा विनयनगरात, म्हणजे आजच्या सरोजिनीनगर भागात, सरकारी निवासस्थानात होते. मध्यरात्री आजीला कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. बाहेर दिल्लीचे माघातले धुके. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांना कल्पना येणार नाही. हात लांब केला तर बोटे दिसत नाहीत. धाकट्याला, म्हणजे माझ्या बाबांना, झोपेतच उचलून शेजारी ठेवले, आणि आजोबा आजीला व आत्याला घेऊन निघाले. गाडीचे पुढचे दोन्ही दिवे लावले की पांढरी भिंत उभी राही. विझवले की काळोख. एका चौकात तर रस्ता कोणता आणि कडेची चारी कोणती हेच कळेना. तेव्हा अकरा वर्षांची आत्या हातात विजेरी घेऊन खाली उतरली आणि गाडीच्या पुढे पुढे चालू लागली. आजोबा तिच्या त्या लहानशा उजेडामागून गाडी आणत होते. "मागून आईचा आवाज येत होता," आत्या म्हणाली, "आणि बाबा एकसारखे म्हणत होते, चाल बाळ, चाल, थांबू नकोस. बाबांचा आवाज कापताना मी तेवढाच ऐकला."

इस्पितळाच्या दारात पोचल्यावर अर्ध्या तासात काकांचा जन्म झाला.

"पुढच्या महिन्यात बाबांनी तो पिवळा दिवा बसवला. धुक्यात पिवळा दिवा खाली लावला तर रस्ता दिसतो, असे त्यांना कोणी सांगितले होते. त्या रात्रीविषयी घरात पुन्हा कधी बोलणे झाले नाही. आईला आवडत नसे."

"मग टी.व्ही.ची कथा कोठून आली?" मी विचारले.

आत्या हसली. काका चौदा-पंधरा वर्षांचे असताना दर्यागंजच्या रविवारच्या पुस्तकबाजारातून त्यांनी एक जुने परदेशी मासिक आणले. त्यात जाळीत दिवा असलेल्या फियाटचे चित्र होते. धावत येऊन ते आजोबांना म्हणाले, "भाऊ, ही तर आपलीच गाडी!" आजोबांनी चित्र पाहिले, मुलाच्या तोंडाकडे पाहिले, आणि नुसते हसले. "बाबा कधी खोटे बोलले नाहीत गं," आत्या म्हणाली. "त्यांनी फक्त पोराचा आनंद मोडला नाही. आणि तुझा काकाही खोटे बोलला नाही. भाऊ नाही म्हणाले नाहीत, म्हणजे हो, असेच त्याने धरले."

मी पुन्हा ती पत्र्याची पेटी उपसली. आजोबा हिशेबी माणूस होते, हे मला ठाऊक होते. वर्षवार बांधलेल्या पावत्यांत १९६३ च्या फेब्रुवारीतील एक पावती निघाली, काश्मिरी गेटच्या एका कारागिराची. त्यात दिव्याची किंमत आणि जाळी कापून तो बसवण्याची मजुरी, अशा दोनच नोंदी होत्या. पावतीच्या मागे आजोबांच्या अक्षरात पेन्सिलीने काकांची जन्मतारीख लिहिलेली होती. बाकी काही नाही.

त्या रात्री मी काकांना दूरध्वनी केला आणि आधी निकाल सांगितला. गाडी टी.व्ही. नाही. पाटी, पत्रा आणि पुस्तक तिन्ही ठिकाणी तेच सांगतात. पलीकडून काही आवाज आला नाही. मग मी दिव्याची हकीकत सांगितली, आणि पावतीमागची तारीख वाचून दाखवली. पुष्कळ वेळाने काका म्हणाले, "दादा आहे का जवळ? त्याला दे." मी बाबांच्या हाती यंत्र दिले आणि खोलीबाहेर आले. ते दोघे तासभर बोलत होते.

मला गोड शेवट करावयाचा नाही, कारण तसा तो झालेलाच नाही. गाडीने काकूंच्या औषधांचे पैसे दिले नाहीत. ते आम्ही तिन्ही घरांनी वाटून घेतले आहेत, आणि गाडी नसती तरी ते आम्हीच वाटून घ्यावयास हवे होते, ही गोष्ट आम्हांला उशिरा सुचली. काका डिसेंबरात दिल्लीला आले. दोघा भावांनी मिळून ताडपत्री काढली, चाकांत हवा भरली, आणि घर पाडण्यापूर्वी गाडी एका आप्ताच्या आवारात हलवली.

पुढे काय, हा प्रश्न दिल्लीत सोपा नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ साली १५ वर्षांहून जुन्या वाहनांना येथील रस्त्यांवर मनाई केली, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने पेट्रोलच्या १५ व डिझेलच्या १० वर्षांच्या मर्यादेवर शिक्कामोर्तब केले. येथील हवा ज्यांनी हिवाळ्यात श्वासात घेतली आहे ते या मनाईबद्दल तक्रार करणार नाहीत. परंतु खऱ्या अर्थाने जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम केले आहेत, आणि तुमच्या घरी अशी गाडी असेल, तर ते तुम्हांला ठाऊक असावेत. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेला असावा. गाडी मूळ स्वरूपात असावी. चॅसी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. राज्याची समिती तपासणी करते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. नूतनीकरणास ५,००० लागतात. नव्या क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात, पण आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो. अशी गाडी रोजच्या वापरास किंवा व्यवसायास चालवता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, संशोधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. १९६४ पासून दिल्लीत स्टेट्समन वृत्तपत्राने जुन्या गाड्यांची फेरी सुरू केली, तिची परंपरा नामांकित आहे. आणि जुनी वाहने एकत्र पाहावयाची असतील, तर हरियाणातील तावडू येथे २०१३ साली उघडलेले वाहनांचे संग्रहालय मुलांना अवश्य दाखवावे.

आम्ही अर्ज करणार आहोत. तेव्हा मिस्त्रीने विचारले, "दिवा काढून जाळी मूळची बसवू का? समितीपुढे गाडी अधिक शुद्ध दिसेल." त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. परंतु मला पुन्हा सुकथनकरांची आवृत्ती आठवली. त्या संपादकांनी जे श्लोक प्रक्षिप्त ठरवले ते फेकून दिले नाहीत. ते त्यांनी तळटिपांत आणि परिशिष्टांत, जसेच्या तसे, जपून छापले. कोणी तरी कधी तरी कशासाठी तरी ते लिहिले होते, याचा मान त्यांनी राखला. मूळ कोणते हे सांगावयाचे, आणि मागून काय जोडले गेले तेही सांगावयाचे. लपवावयाचे काही नाही.

म्हणून दिवा जाळीतच राहिला आहे. अर्जासोबत ती पावती जोडायची आणि स्वच्छ लिहायचे की, हा दिवा मूळचा नाही, तो १९६३ साली बसवला. समितीने काढावयास सांगितला, तर काढू, आणि घरी ठेवू.

वाचकहो, तुमच्या घरच्या जुन्या वस्तूची परीक्षा जरूर करा. पाटी पाहा, क्रमांक ताडा, कागद शोधा, आणि जे निघेल ते मान्य करा. मात्र परीक्षा करण्यापूर्वी घरातल्या थोरल्या माणसाला एकदा विचारा. आमची आत्या आज पंचाहत्तरीला पोचली आहे. आम्ही आणखी काही वर्षे उशीर केला असता, तर आमच्या हाती चार वेगवेगळे स्क्रू तेवढे उरले असते.